टीपी बुक कोणाच्या हातात? मेंढा (लेखा) गावातल्या समित्यांचं प्रकरण

२७ एप्रिल २०११. तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण आणि वनमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा गावात आले. त्या दिवशी ग्रामसभेच्या हाती पडलं ते एक पुस्तक. वाहतूक परवान्यांचं. जंगलाशी संबंध असलेली माणसं त्याला टीपी बुक म्हणतात.

जंगलातला माल रस्त्यावर आला की तो कुठून निघाला, किती आहे, कोणत्या गाडीतून कुठे चालला, हे टीपीवर लिहिलेलं असतं. टीपी नसेल तर नाक्यावर गाडी अडते, माल जप्त होतो आणि विकत घेणारा गुन्ह्यात अडकतो. त्यामुळे बांबूचा मालक कोण, यापेक्षा बांबूची टीपी कोण फाडतं याला बाजारात जास्त वजन आहे. मेंढा गावाला जंगलाचा हक्क २००९ सालीच मिळाला होता. तो हक्क गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यापर्यंत पोहोचायला २०११ चा एप्रिल उजाडला, आणि त्यासाठी दिल्लीहून मंत्री यावा लागला.

हे प्रकरण मला त्या पुस्तकापासून मांडावंसं वाटतं. मेंढा-लेखाची गोष्ट मराठीत पुष्कळदा सांगितली गेली आहे. आदिवासी गाव, जागं झालेलं गाव, हक्क मिळवणारं पहिलं गाव, अशा अंगाने. मला त्यात दुसरं काही शोधायचं आहे. या एका गावाने तीसेक वर्षांत जंगलासाठी नेमलेल्या किती तरी समित्या पाहिल्या. काही सरकारने केलेल्या, काही गावाने केलेल्या. कागदावर त्या सगळ्या सरकार आणि लोक यांच्यातला दुवा होत्या. त्यांतल्या कोणत्या चालल्या आणि का, हे इथे जितकं स्वच्छ दिसतं तितकं फार थोड्या ठिकाणी दिसतं.

गाव आणि जंगल

मेंढा हे धानोरा तालुक्यातलं गोंड वस्तीचं गाव, गडचिरोलीपासून सुमारे ३० किलोमीटरवर. मेंढा नावाची गावं आसपास बरीच आहेत, म्हणून शेजारच्या लेखा गावाचं नाव जोडून मेंढा (लेखा) म्हणायची पद्धत. या सगळ्या काळात दोन्ही गावं लेखा या गटग्रामपंचायतीत होती. शंभरेक घरं, पाचशेच्या आसपास माणसं, आणि त्यांच्या वाट्याचं जंगल मात्र सुमारे १,८०० हेक्टर. ज्या जिल्ह्याची जवळपास ७० टक्के जमीन जंगलाखाली आहे, तिथे हे प्रमाण जगावेगळं नाही. साग, ऐन, मोह, तेंदू, चारोळी, आवळा आणि भरपूर बांबू असं मिश्र जंगल.

या जंगलाशी गावाचं नातं मोहफुलाचं, सरपणाचं, मधाचं, पावसाळ्यातल्या वास्त्यांचं. वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. १९५० नंतर मालगुजारी आणि जमीनदारी गेली, जंगल सरकारजमा झालं आणि गावाच्या गरजांना ‘निस्तार’ असं नाव देऊन त्यांची नोंद निस्तार पत्रकात झाली. घराला लाकूड, शेताला कुंपण, चुलीला सरपण. पत्रकात हक्क होता, पण प्रत्यक्षात गडी बांबू तोडून निघाला आणि वाटेत वनरक्षक भेटला की हक्काचं काय व्हायचं ते त्या वनरक्षकाच्या मर्जीवर. दुसरीकडे त्याच जंगलातला बांबू भाडेपट्ट्याने बल्लारपूरच्या कागद कारखान्याला जात होता. ट्रकच्या ट्रक बांबू जंगलातून बाहेर पडताना ज्याने पाहिला आहे, त्याला चार काठ्यांसाठी दंड भरायला लागला की काय वाटत असेल, हे वेगळं सांगायला नको.

१९८० च्या दशकात गोदावरीवर इचमपल्ली आणि इंद्रावतीवर भोपालपट्टणम ही दोन धरणं बांधायची ठरलं होतं. दोन्ही धरणांत मोठं जंगल आणि कितीतरी आदिवासी गावं जाणार होती. त्याविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभं राहिलं. बाबा आमटेही त्यात होते. धरणं झाली नाहीत. मेंढ्याचे देवाजी तोफा आणि वृक्षमित्र संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांची सोबत याच काळात सुरू झाली. आंदोलन संपलं तरी एक प्रश्न गावात उरला: धरणाला नाही म्हणता येतं, मग जंगलाचा रोजचा कारभार कोणी करायचा?

गावाने दिलेलं उत्तर गोंडीत आहे: ‘दिल्ली मुंबई मावा सरकार, मावा नाटे माटे सरकार.’ दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार. ही घोषणा पुढे देशभर गेली. तिचा पहिला अर्धा भाग लोक विसरतात. मेंढा गावाने दिल्ली-मुंबईचं सरकार नाकारलं नाही, ते आपलंच आहे असं म्हटलं. गावाच्या हद्दीत काय ठरायचं ते मात्र गाव ठरवणार. सरकारशी भांडतानाही बोलणं तुटू न देण्याची या गावाची सवय इथून आलेली आहे.

घोटुलाचा प्रसंग याच काळातला. गोंड समाजात तरुण मुलामुलींनी एकत्र जमायची, शिकायची जागा म्हणजे घोटुल. ती प्रथा मागे पडली होती. गावाने ती पुन्हा उभी करायची ठरवली आणि जंगलातून लाकूड आणून घोटुल बांधलं. वन विभागाने ते बेकायदा ठरवून मोडून टाकलं. तेव्हा आजूबाजूच्या गावांनीही आपापल्या गावात घोटुल बांधायचा निर्णय घेतला. एका गावाचं बांधकाम पाडता येतं, परिसरातल्या सगळ्या गावांची पाडता येत नाहीत. विभागाने माघार घेतली.

अभ्यास गट

मेंढ्याच्या कारभारात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती अभ्यास गट ही गोष्ट. त्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

गावात ग्रामसभा आहे. पंचायत कायद्यातली, वर्षातून काही ठरावीक तारखांना भरणारी आणि बहुतेक ठिकाणी हजेरीपटावर सह्या करून संपणारी ग्रामसभा नव्हे. गावातली सगळी प्रौढ माणसं, बायका आणि पुरुष, ज्यात बसतात ती. निर्णय ती घेते आणि तो सर्वसहमतीने घेते. मतदान होत नाही. एकाचाही विरोध असेल तर निर्णय पुढे ढकलायचा, बोलत राहायचं. वरकरणी हे फार संथ वाटतं आणि ते संथ आहेच. काही विषय महिनोन्महिने रेंगाळले. पण बहुमताने ठरवलं की हरलेल्या लोकांना तो निर्णय मोडण्यात रस उरतो, आणि जंगलात नियम मोडायला रात्रीचा एक तास पुरतो. १,८०० हेक्टरवर पहारा ठेवायला पोलीस नाही, पगारी रखवालदार नाही. नियम टिकायचा तर तो प्रत्येकाला पटलेला असावा लागतो. सर्वसहमती या गावाला परवडते, कारण तिच्यामुळे राखणदारीचा खर्च वाचतो.

अभ्यास गट या ग्रामसभेच्या शेजारी बसतो. एखाद्या विषयात ज्याला गोडी आहे त्याने यावं, बसावं, बोलावं. बाहेरचे कार्यकर्ते येतात, कधी अधिकारीही येतात. कायदा काय म्हणतो, शासन निर्णयात नेमके कोणते शब्द आहेत, मधमाशा न मारता मध कसा काढायचा, बांबूची रांजी म्हणजे बेट कसं वाढतं, अशी चर्चा होते. मात्र अभ्यास गट काहीही ठरवत नाही. तो फक्त समजून घेतो. मग ती समज ग्रामसभेत जाते आणि ठरवते ग्रामसभा.

म्हणजे मेंढा गावाकडे एक खरीखुरी सल्लागार समिती होती, सरकारने कुठलीही नेमण्याआधीपासून. तिची कामं स्पष्ट होती. माहिती गोळा करायची, बाहेरच्या जाणकारांना बसायला जागा द्यायची, आणि निर्णयाला हात लावायचा नाही. सल्ला देणारे वेगळे आणि ठरवणारे वेगळे. ठरवणारे म्हणजे तेच, ज्यांना त्या निर्णयाचे परिणाम भोगायचे आहेत.

जंगलाबाबत गावाने जे नियम केले ते याच वाटेने आले. जंगलाला आग लावायची नाही. फळांसाठी फळझाड तोडायचं नाही. घराला किती लाकूड लागतं ते ठरवायचं आणि तेवढंच आणायचं. ग्रामसभेला विचारल्याशिवाय बाहेरच्याने जंगलातून काही न्यायचं नाही, मग तो कारखाना असो की शेजारचा पाहुणा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कागद कारखान्याच्या बांबू तोडीला गावाने विरोध केला तो याच नियमाच्या आधाराने. या नियमामागे तेव्हा कुठलाही कायदा नव्हता.

पहिली सरकारी समिती

१९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणाने स्थानिक लोकांच्या गरजांना पहिल्यांदा महसुलाच्या वर जागा दिली. १ जून १९९० ला केंद्राने राज्यांना परिपत्रक पाठवलं, आणि महाराष्ट्राने १६ मार्च १९९२ ला संयुक्त वनव्यवस्थापनाचा शासन निर्णय काढला. गावात समिती करायची, तिने जंगल राखायचं, बदल्यात उत्पन्नातला वाटा घ्यायचा. पुढच्या काही वर्षांत राज्यात अशा हजारो समित्या झाल्या, आकडा बारा हजारांच्या वर गेला.

या योजनेत एक मेख होती. ती उजाड झालेल्या, विरळ जंगलासाठी होती. लोकांनी झाडं वाढवावीत आणि वाढली की वाटा घ्यावा, असा हिशेब. मेंढ्याचं जंगल उभं होतं, दाट होतं. म्हणजे ज्यांनी जंगल राखलं ते योजनेच्या बाहेर, आणि ज्यांचं जंगल संपलं ते आत. गावाने हे मान्य केलं नाही. पत्रव्यवहार, बैठका, पुन्हा पत्रव्यवहार. शेवटी मेंढ्याचं उभं जंगल योजनेत घेतलं गेलं. राज्यात ही नवी गोष्ट होती.

मी या समितीकडे तुच्छतेने पाहत नाही. वनरक्षक आणि गावकरी पहिल्यांदा एका सतरंजीवर बसले ते या समित्यांमुळे. पण तिची रचना पाहा. सदस्य-सचिव वन विभागाचा कर्मचारी. इतिवृत्त त्याने लिहायचं. बँकेचं खातं एकट्या गावाच्या सहीने चालणार नाही. जंगलाचा आराखडा कार्य आयोजनेत, म्हणजे जंगलात कधी काय करायचं याच्या विभागाच्या योजनेत, बसला पाहिजे, आणि ती कार्य आयोजना करताना गावाला कोणी विचारत नाही. नाव संयुक्त, पण गावाने करायचं ते राखणदारीचं काम. मत मागितलं जाई, निर्णय दिला जाई. थोडक्यात, अभ्यास गटाच्या बरोब्बर उलटं: इथे भोगणारे सल्ला देत होते आणि न भोगणारे ठरवत होते.

राज्यभरातल्या कितीतरी समित्या निधी असेपर्यंत चालल्या आणि निधी थांबला की थांबल्या. मेंढ्यात ती चालली याचं श्रेय मी शासन निर्णयाला देणार नाही. गावाने तिला ग्रामसभेच्या खाली ठेवलं. समितीत काही ठरलं तरी ते ग्रामसभेत आल्याशिवाय गावाच्या लेखी ठरलेलं नसे. सरकारच्या कागदावर समिती विभागाला उत्तरदायी होती, गावात ती ग्रामसभेला उत्तरदायी होती. या दुहेरी बांधणीतली ओढाताण पुढची पंधरा वर्षं चालू राहिली.

दावा

वनहक्क कायदा २००६ च्या डिसेंबरमध्ये संसदेत मंजूर झाला आणि ३१ डिसेंबर २००७ ला अमलात आला. दुसऱ्याच दिवशी, १ जानेवारी २००८ ला, नियम आले. कायद्यात तीन पायऱ्या आहेत. दावा ग्रामसभा करते, तिची वनहक्क समिती पुरावे आणि नकाशा तयार करते. उपविभागीय समिती तपासते. जिल्हास्तरीय समिती अंतिम निर्णय देते. या शेवटच्या समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी, सोबत उपवनसंरक्षक, आदिवासी विकास विभागाचा अधिकारी आणि जिल्हा परिषदेचे तीन सदस्य.

सरकारी खाती आणि लोकप्रतिनिधी एका टेबलाशी बसवणारी समिती म्हणून ही रचना मला संयुक्त वनव्यवस्थापनापेक्षा उजवी वाटते, आणि कारण अगदी साधं आहे. इथे वन विभाग एक सदस्य आहे, यजमान नाही. अध्यक्षपद महसूल खात्याकडे आहे. शिवाय ही समिती हक्क ‘देत’ नाही. कायद्याची भाषा अशी की हक्क आधीपासून होते, त्यांची फक्त नोंद करायची. लोकांच्या मागणीवर मेहेरबानी करायला आणि लोकांच्या हक्काची नोंद घ्यायला एकच समिती बसली, तरी त्या दोन बैठका सारख्या नसतात.

मेंढा गावाची तयारी वीस वर्षांची होती. हद्द माहीत, नियम लिहिलेले, ग्रामसभेची इतिवृत्तं जपून ठेवलेली, निस्ताराच्या नोंदी हाताशी. इतर गावांना दाव्यासोबत पुरावे जुळवताना दमछाक होते. इथे कपाट उघडायचं होतं. २००९ मध्ये मेंढा आणि शेजारचं मरदा या दोन गावांना सामूहिक वनहक्क, म्हणजे सगळ्या गावाचे मिळून जंगलावरचे हक्क, मिळाले, देशात सर्वांत आधी.

बांबू झाड आहे की गवत?

इथून प्रकरणाचा सगळ्यात बोलका भाग सुरू होतो.

वनस्पतिशास्त्रात बांबू गवताच्या कुळातला. वनहक्क कायद्याच्या कलम २ मध्ये गौण वनउपजाची, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या मालाची, व्याख्या आहे आणि तिच्यात बांबूचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. कलम ३ गौण वनउपजाची मालकी, गोळा करणं, वापरणं आणि विकणं हे सगळं हक्क म्हणून मान्य करतं. इतकं वाचून कोणीही म्हणेल की प्रश्नच नाही. पण भारतीय वन अधिनियम १९२७ च्या व्याख्येत ‘झाड’ या शब्दात बांबू मोडत होता. झाड म्हटलं की लाकूड, लाकूड म्हटलं की सरकारी मालकी, सरकारी परवाना. एकाच काठीला दोन कायद्यांत दोन नावं. विभागाने जुना कायदा धरला, गावाने नवा.

गावाने बांबू विकायचं ठरवलं. बांबू होता, घेणारा होता, हक्काचा कागद होता. टीपी देणारं कोणी नव्हतं. विभागाने विक्रीसाठी परवाना नाकारला. गावाने वापरावं, घराला लावावं, हरकत नाही. विकायचं तर नाही.

या नकारामागे फक्त आडमुठेपणा होता असं मला वाटत नाही. विभागाची एक भीती खरी होती. टीपी सैल झाली की एका गावाच्या हक्काच्या आडून दुसरीकडचा चोरटा माल निघेल. बांबूच्या जंगलातून चोरी होते हे विभागाला रोजच्या अनुभवाने माहीत. शिवाय ज्या वनपालाने बिनपरवान्याची गाडी सोडली, चौकशी त्याची होणार. कायदा बदलला तरी त्याच्या वरिष्ठाचा लेखी आदेश बदलेपर्यंत त्याने जुन्या नियमानेच वागणं समजण्यासारखं आहे. पण ही भीती गावाला टीपीपासून दूर ठेवण्याचं कारण होऊ शकत नाही. चोरी रोखायची तर जंगलात कोण आलं-गेलं हे ज्याला रोज दिसतं, त्याच्या हातात पुस्तक असलेलं बरं. वीस वर्षं त्या जंगलाची राखण गावच करत होतं.

सरकार आणि लोक यांच्यातल्या समित्यांचं खरं दुखणं मला इथे दिसतं. सगळ्या समित्या होत्या. संयुक्त वनव्यवस्थापनाची होती. उपविभागीय होती, जिल्हास्तरीय होती. जिल्हास्तरीय समितीने हक्क मान्य केला, त्यावर उपवनसंरक्षकांचीही संमती धरलेली होती. आणि त्याच विभागाचा दुसरा हात परवाना अडवून बसला, कारण परवाना हा विषय कुठल्याच समितीच्या पुढे नव्हता. समन्वय बैठकीत झाला, नाक्यावर झाला नाही.

मार्च २०११ मध्ये जयराम रमेश यांनी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं. बांबूला गौण वनउपज माना आणि जिथे सामूहिक हक्क मान्य झाले आहेत तिथे वाहतूक परवाना ग्रामसभेला देऊ द्या, असा त्याचा आशय. महिनाभरात ते स्वतः मेंढ्यात आले आणि पुस्तक ग्रामसभेच्या हाती गेलं.

त्यानंतर

ग्रामसभेने निविदा मागवल्या. गावचा बांबू पहिल्यांदा गावच्या नावाने बाजारात गेला आणि उलाढाल कोटी रुपयांच्या घरात पोहोचली. शंभर घरांच्या गावाला हा आकडा पेलणं सोपं नव्हतं. कर कापला गेला, तेव्हा ग्रामसभेला स्वतःचा पॅन काढावा लागला. हिशेब, पावत्या, मजुरीची पत्रकं, ताळेबंद. रोजगार हमीची कामं राबवणारी यंत्रणा म्हणूनही ग्रामसभा काम करू लागली होती, त्यामुळे कागदाची सवय थोडी आधीच झाली होती. देवाजी तोफांचं किंवा मोहनभाऊंचं नाव घेऊन ही गोष्ट सांगणारे लोक हिशेबाच्या वह्यांबद्दल सहसा बोलत नाहीत. मला त्या वह्या घोषणेइतक्याच महत्त्वाच्या वाटतात. पैशाचा संशय आला की सर्वसहमती आठवड्यात मोडते.

पैसा आल्यावर तोड वाढेल आणि जंगल संपेल, असं तेव्हा पुष्कळांनी म्हटलं होतं. बांबूचं गणित असं की रांजीतल्या जुन्या काठ्या काढल्या तर नव्याला जागा मिळते, कोवळ्या काढल्या किंवा बुंध्याला धक्का लावला तर रांजी मरते. कुठली काठी या वर्षीची आणि कुठली तिसऱ्या वर्षाची, हे रंगावरून, हात लावून ओळखावं लागतं. बंडलामागे मजुरी मिळणाऱ्या बाहेरच्या टोळीला ते ओळखण्यात फायदा नाही. तीन वर्षांनी याच रांजीवर परत यायचं आहे अशा माणसाला आहे. गावाने तोड आपल्या हातात ठेवली ती म्हणून.

६ सप्टेंबर २०१२ ला वनहक्क नियमांत दुरुस्ती झाली. मेंढ्यात जे भांडून मिळालं होतं ते आता नियमाच्या भाषेत आलं. नियम ४ (१) (ङ) खाली ग्रामसभा आपल्या सदस्यांमधून वन, वन्यजीव आणि जैवविविधतेच्या रक्षणासाठी समिती करते. वाहतूक परवाना ही समिती किंवा ग्रामसभेने अधिकार दिलेली व्यक्ती देईल. समितीने परवाने, उत्पन्नाचा वापर किंवा व्यवस्थापन आराखड्यातला बदल याबद्दल घेतलेले निर्णय ग्रामसभेने मंजूर करायचे. समिती आराखडा बनवेल आणि तो विभागाच्या कार्य आयोजनेशी जोडून घेतला जाईल. ही रचना वाचताना मेंढ्याच्या अभ्यास गटाची आणि ग्रामसभेची जोडी डोळ्यांपुढे उभी राहते. समिती काम करते, ठरवते सभा. विभागाने तज्ज्ञ म्हणून यावं, सुचवावं.

गडचिरोलीत पुढे हजाराहून जास्त गावांना सामूहिक हक्क मिळाले. त्यांतल्या बऱ्याच ग्रामसभांनी बांबू आणि तेंदूपत्त्याचे स्वतःचे लिलाव केले. कोरची तालुक्यात ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा केली, म्हणजे ठेकेदारापुढे एकेकट्या गावाला बसावं लागू नये.

तरी मेंढ्याचा साचा उचलून दुसरीकडे ठेवता येईल असं मी म्हणणार नाही. मेंढा लहान आहे. जवळजवळ एकाच समाजाचं आहे. गावाला तीस वर्षं साथ देणारा माणूस लाभला, आणि सगळ्या गावाचा शब्द मानला जाईल असं गावातलंच नेतृत्व लाभलं. जिथे तीन-चार समाज आहेत, ज्यांच्यात बुरूड बांबूवर जगतो आणि शेतकरी चराईवर, जिथे अर्धी माणसं वर्षातले सहा महिने बाहेरगावी कामाला असतात, तिथे सर्वसहमतीला काय रूप द्यायचं हा वेगळा अभ्यास आहे. आणि हक्काचा कागद मिळालेल्या अनेक गावांत ४ (१) (ङ) ची समिती केवळ नावाला आहे. पाच-सहा सह्या, एक शिक्का. तिच्यावर सभा बसत नाही, म्हणून ती कोणाच्याही खिशात जाऊ शकते. विभागाच्या जाईल किंवा ठेकेदाराच्या.

सरकारही एका दिशेने चाललेलं नाही. मे २०१४ मध्ये महाराष्ट्राने ग्रामवनाचे नियम काढले. त्यांनी गावाला जंगल नेमून देण्याचा आणि ते परत काढून घेण्याचा अधिकार विभागाकडे ठेवला. वनहक्काच्या कायद्यात हक्काची नोंद होते आणि ग्रामवनात जंगल सोपवलं जातं. गावातल्या माणसाला दोन्ही कागद सारखेच दिसतात, दोन्हींत समिती आहे, दोन्हींत आराखडा आहे. एकात जंगल परत घेता येत नाही, दुसऱ्यात येतं. म्हणून त्या नियमांना आदिवासी भागातून विरोध झाला.

२०१३ मध्ये मेंढा गावाने ग्रामदानाचा मार्ग धरला, म्हणजे जंगलापाठोपाठ शेतजमीनही गावाच्या नावावर आणायची. त्यासाठी १९६४ चा महाराष्ट्र ग्रामदान कायदा पुन्हा बाहेर काढावा लागला. त्या कायद्याचा मजकूर, त्यातली ग्राममंडळाची कलमं, त्यांचा ग्रामसभेशी मेळ कसा घालायचा, हे सगळं आधी अभ्यास गटात वाचलं गेलं.